आधी गॅस, मग चहा

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या थांबत. लगेच आत येत नसत. उजवा हात वर करून आम्हाला गप्प करत, डोळे मिटून घेत, हनुवटी किंचित वर उचलत आणि एक लांब श्वास घेत. तो श्वास आत जाऊन, सगळीकडे फिरून, समाधान होऊन बाहेर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून मागे उभ्या असलेल्या कारागिराला म्हणत, "यल्ला," म्हणजे चला. तोवर मी चहाचं पातेलं हातात घेतलेलं असलं तर माझ्याकडे बोट दाखवत. "अव्वल गाज, बादेन शाय."

आधी गॅस, मग चहा.

तुम्ही कधी भाड्याच्या घरात राहिला असाल तर घरमालक केव्हा उगवतो हे तुम्हाला ठाऊक असेल. भाडं वाढवायचं असतं तेव्हा, नाहीतर तुम्ही भिंतीत खिळा ठोकल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा. दम्माममधल्या आमच्या इमारतीची मालकीण मात्र वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, घराघरांतला गॅस तपासायला येई. तो दिवस सोडला तर वर्षभर तिचं दर्शन नाही.

सगळे त्यांना अबला म्हणत. इकडे मुली शाळेतल्या बाईंना अबला म्हणतात, आणि त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "ह्या जर अबला असतील, तर सबला बघायची माझी छाती नाही." उंच, हाडापेराने मजबूत, काळ्या अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि चष्म्यातून अशी नजर की आपण गृहपाठ केलेला नाही असं उगाचच वाटावं. बोलायच्या त्या अरबीत, शाळेतल्या इंग्रजीत आणि दुकानांतून उचललेल्या हिंदीत, एकाच वाक्यात तिन्ही. मी इथे बरंचसं मराठीत सांगते आहे, पण वाचताना तुम्ही मध्येमध्ये एखादा 'खलास' घालून घ्या.

आमची पहिली भेट जिन्यात पार पडली, आणि तीही पळापळीत. आम्ही नाशिकहून नवीनच आलो होतो. त्या सकाळी मी वरणाला फोडणी दिली आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात अबला आणि त्यांचा कारागीर. तो पंजाबी बोलणारा पाकिस्तानी गृहस्थ, सगळे त्याला उस्ताद म्हणत. अबला उंबऱ्यावर थांबल्या, डोळे मिटले, श्वास घेतला आणि ताडकन डोळे उघडून ओरडल्या, "गाज! दिव्याला हात लावू नका! बाहेर, सगळे बाहेर!" मी, नवरा आणि आमची लेक, तिघं अनवाणी जिन्यात. उस्ताद साबणाचा फेस घेऊन आत गेला. सिलेंडर, रेग्युलेटर, रबरी नळी, शेगडी, सगळीकडे त्याने फेस लावला. कुठेही बुडबुडा येईना. अबला त्याला परत परत आत पाठवत होत्या. "माझं नाक खोटं बोलत नाही."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आत जाऊन हिंगाची डबी आणली आणि त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी वास घेतला आणि दोन पायऱ्या मागे सरकल्या. डोळ्यांत पाणी आलं.

"हे तुम्ही खाता?"

"थोडं थोडं. वरणात."

"वल्लाही!" त्या उस्तादकडे वळून म्हणाल्या. "माणूस पळून जावा म्हणून गॅसला वास लावतात, आणि ही बाई तोच वास डाळीत घालते!"

त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवल्या. वरणभात दोनदा घेतला. तेव्हापासून हिंगाचं नाव 'गाज हिंदी' पडलं.

तपासणीला कुणी नाही म्हटलेलं त्यांना चालत नसे. नळी नवी दिसत असली तरी दर वर्षी बदलायची. दुसऱ्या मजल्यावरचे इजिप्तचे गृहस्थ एकदा म्हणाले की नळी अगदी चांगली दिसते आहे. "माझे गुडघेसुद्धा चांगलेच दिसतात," अबला म्हणाल्या आणि उस्तादला नळी कापायला सांगितली. माझी लेक त्यांचं सगळं बघून मला इंग्रजीत ऐकवायची, "मम्मा, शी इज सो एक्स्ट्रा," म्हणजे जरा अतिच करतात. पण त्या आल्या की हीच मुलगी शाळेतलं अरबी त्यांच्यावर आजमावून बघायला पुढे. त्या तिचं व्याकरण दुरुस्त करत आणि गालाला चिमटा काढत.

इमारतीत त्यांच्याबद्दल कथा होत्याच. एवढा ध्यास काय उगाच लागतो? कुणी म्हणे त्यांचं माहेर आगीत गेलं. कुणी सांगे की नवरा स्वयंपाकघरातल्या स्फोटात वारला. तळमजल्यावरच्या बाईंनी तर स्फोट कोणत्या वारी झाला तेही सांगितलं होतं. मला काही राहवेना. मीही इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते, आणि 'आपण दोघी एकाच धंद्यातल्या' असं त्या दर भेटीत म्हणत. त्या जोरावर एकदा चहा झाल्यावर मी विचारलंच.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा नवरा साखरेच्या आजाराने गेला. माहेर अजून उभं आहे, भाऊ राहतो तिथे."

"मग हे सगळं?"

"तू रोज दात घासतेस?"

"हो."

"का? तुझ्याकडे कुणी दातांनी मेलं होतं?"

मी इतकी हसले की चहा सांडला. त्या मात्र हसत नव्हत्या. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. कुणाचं भलं बघायला आधी आपलं काही जळलेलं असावं लागतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

साथीच्या काळात घराबाहेर पडायची बंदी आली. आम्हाला वाटलं, यंदा सुटका. पण त्यांनी एकेका घराला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही भांड्यांच्या साबणाचा फेस करून रेग्युलेटरवर लावायचा आणि फोन जवळ नेऊन त्यांना दाखवायचा. "अजून जवळ. अजून. आता हात का थरथरतोय? परीक्षा आहे का?" माझा नवरा तेल कंपन्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये इंजिनिअर आहे. कामावर त्याला सुरक्षिततेचे वर्ग सतत असतात. तो बिचारा बाल्कनीत सिलेंडरशेजारी आडवा होऊन फोन धरून पडला होता आणि म्हणत होता, "एवढी कडक तपासणी आमच्या प्लांटवर झाली ना, तर माझी नोकरी जाईल."

पुढच्या वर्षी अबला स्वतः आजारी पडल्या. बरेच दिवस ताप होता, असं हारिसकडून, म्हणजे आमच्या इमारतीच्या रखवालदाराकडून, कळलं. पण थंडीच्या आधी त्या आल्या. थोड्या वाळलेल्या, हातात काठी. उंबऱ्यावर थांबल्या, हात वर केला, डोळे मिटले. सगळं जसंच्या तसं. "मा फी," म्हणाल्या. काही नाही. मला आनंद झाला. माणूस बरं होऊन परत आलं, एवढंच मी पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर तेव्हा पुण्याचं एक तरुण जोडपं नवीन राहायला आलं होतं. तो रियाधमधल्या एका बँकेचं संगणकाचं काम घरूनच करायचा. घरात रांगणारं बाळ, म्हणून त्याने स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी काचा लावून बंद केली आणि तिथे आपलं ऑफिस थाटलं. बाकी आम्हा सगळ्यांचे सिलेंडरही आपापल्या तशाच बाल्कनीत, पण उघड्यावर. त्याचाही तिथेच राहिला, टेबलाखाली. दोन दिवस तो तपासणी टाळत होता. आज मीटिंग, उद्या मीटिंग.

तिसऱ्या दिवशी अबलांनी हारिसकडून खुर्ची मागवली आणि त्याच्या दाराबाहेर जिन्यात बसल्या. मला सोबत बोलावलं, त्याच्याशी तुझ्या भाषेत बोल म्हणून. आतून त्याचा मीटिंगमधला आवाज येत होता.

"अबला, उद्या येऊ या का?" मी म्हटलं.

"त्याला नोकरी आहे, मला पेन्शन आहे. वेळ कुणाकडे जास्त?" आणि त्यांनी जपमाळ काढली.

शेवटी दार उघडलं. तो वैतागला होता, पण तोंडावर अदब होती. "ताई, तुम्हीच सांगा ना त्यांना. किचन बघा म्हणावं, बाल्कनी राहू दे. तिथे माझा सगळा सेटअप आहे, कॉल चालू आहे."

उस्तादने शेगडी तपासली. ठीक होती. अबला उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. "मा फी," त्या म्हणाल्या.

"बघा," तो म्हणाला. "ह्यांच्या नाकाबद्दल अख्खी बिल्डिंग बोलते. वास असता तर ह्यांना आला नसता का? आता झालं ना?"

आणि मी तिथेच खिळले, कारण मला वास येत होता. फार नाही. धूप जाळल्याचा वास होता, बाळाच्या पावडरचा होता, आणि त्या सगळ्याच्या खाली, बाल्कनीच्या बंद दाराच्या फटीतून येणारा तो दुसरा. मी अबलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना खरंच काही येत नव्हतं. एका क्षणात मला कळलं की माझ्या घरातसुद्धा त्यांना काही आलेलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडे हिंगाची फोडणी चुरचुरत होती आणि त्यांनी 'गाज हिंदी' म्हटलं नव्हतं.

एवढ्या लोकांसमोर त्यांना खोटं पाडायचं? पण दारापलीकडे सिलेंडर होता, आणि अलीकडे त्याची बायको बाळाला कडेवर घेऊन उभी होती.

"अबला," मी म्हटलं, "मला येतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नक्की का, असं विचारलं नाही. रागावल्या नाहीत. पुढच्याच क्षणी त्यांचा आवाज वर्गातला झाला. "बाळ आणि आई जिन्यात. कुणी बटण दाबायचं नाही, लॅपटॉपला हात लावायचा नाही. तू, खिडक्या उघड, आधी बाल्कनीचा जमिनीपर्यंतचा दरवाजा. उस्ताद, सिलेंडर बंद कर."

सगळं पटापट झालं. सिलेंडर बंद झाला, वारा आत आला, वास गेला. मग उस्तादने रेग्युलेटरला फेस लावला, त्याला दाखवण्यापुरता सिलेंडर हळूच उघडला, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. फेसाचा एक बुडबुडा फुगला, मोठा झाला, फुटला. त्याच्या जागी लगेच दुसरा. आतलं रबराचं वायसर झिजलं होतं. त्याच्या शेजारीच जमिनीवर विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड होता, आणि बोर्डाच्या पलीकडे बाळाची चटई, तिच्यावर रंगीत खुळखुळा.

"धूर वर जातो," अबला त्याला इंग्रजीत सांगू लागल्या, सावकाश, वर्गात सांगावं तसं. "हा गॅस वर जात नाही. हा खाली बसतो, मांजरासारखा. मोठ्या माणसाला कळायच्या आधी रांगणाऱ्याला भेटतो."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "सकाळी ती तिथेच खेळत होती, ताई," तो मला म्हणाला. "मी काम करत होतो आणि ती माझ्या पायाशी खेळत होती."

मला वाटलं, आता त्या त्याला फाडून खाणार. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाज खलास," म्हणाल्या. "आता शाय." मी सगळ्यांसाठी माझ्याकडे चहा केला. काचा दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः काढल्या.

जिना उतरताना अबलांनी माझा कोपर धरला होता. मधल्या वळणावर त्या थांबल्या आणि पायरीवर बसल्या. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तुला कळलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तापात गेलं. मला वाटलं परत येईल. ब्रेड नाही, गहव्याची कॉफी नाही, ऊद नाही. नातवाचं डोकं हुंगते, तेही नाही." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मुलाला सांगितलेलं नाही. तो म्हणेल, बस झालं आई, रियाधला चल."

"आम्हाला तरी सांगायचं."

"फळ्यावरचं दिसत नाही, असं बाई वर्गाला सांगतात का?" मग माझ्याकडे वळल्या. "आज तू गप्प बसली असतीस तर..."

थोड्या वेळाने त्यांनी पदराने, म्हणजे डोक्यावरच्या काळ्या रुमालाच्या टोकाने, चष्मा पुसला आणि विचारलं, "माझ्याबरोबर येशील? दर वर्षी? तुझं नाक, माझं तोंड."

इकडची माणसं एखादं काम मनापासून पत्करताना नाकाच्या शेंड्याला बोट लावून म्हणतात, 'अला खशमी', माझ्या नाकावर. मी बोट लावलं आणि म्हटलं, "अला खशमी." त्या क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्या जिन्यात आम्ही दोघी अशा हसलो की तळमजल्यावरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या.

पुढची काही वर्षं आम्ही दोघींनी मिळून तपासणी केली. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायचा रीतसर परवाना मला मिळाला, असं नवरा म्हणायचा. उंबऱ्यावर मी डोळे मिटायची आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. मी "मा फी" म्हटलं की उस्ताद कामाला लागे. आणि मग, तो कामात असताना, त्या हळूच माझ्या कानाशी येऊन विचारत, "आणखी काय येतंय?"

मी सांगायची. दुसऱ्या मजल्यावर कांदा लाल होतोय, मसुराच्या भातावर घालायला. चौथ्या मजल्यावर नारळाच्या तेलात मासा तळतायत. तळमजल्यावर कुणीतरी लोबान जाळलाय आणि दूध उतू गेलंय. त्या डोळे मिटून ऐकत. "कांदा किती लाल? करपलेला की नुसता तांबूस?" मी परत एकदा श्वास घेऊन नीट सांगे. त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत जाई. तेवढ्यापुरतं माझ्या लक्षात यायचं की आपण कधी आपल्याच इमारतीचा वास असा घेतला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पुण्याच्या मुलाचा आवडता कार्यक्रम म्हणजे अबलांना हाताला धरून वर नेणं. त्याची मुलगी चालायला लागली होती. अबला येताना तिच्यासाठी खजूर आणत आणि तिला अरबीत काहीबाही विचारत. ती मराठीत उत्तरं देई. दोघींचं छान चाललेलं असे.

पण गुडघे शेवटी ऐकेनात. मुलगा येऊन त्यांना रियाधला घेऊन गेला. इमारतीचा कारभार एका ऑफिसकडे गेला. आता मालक म्हणजे फोनवर येणारा संदेश. त्या गेल्या त्या वर्षी थंडीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानेच इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'उस्तादला शुक्रवारी बोलावलंय, सगळ्यांनी घरी थांबा.' कुणी हूं की चूं केलं नाही.

त्या अधूनमधून फोन करत. "इथे सगळं कहरबा," म्हणत. म्हणजे वीज. मुलाच्या नव्या घरात विजेची शेगडी, विजेचं सगळं. "काचेवर बोट ठेवलं की दूध तापतं. ना ज्योत, ना नळी. मी काय तपासू?" आवाज असा, की घरात मूलबाळ नाही म्हणून कुणी तक्रार करावी. मग एकेका घराची चौकशी. माणसांची आधी, बाल्कन्यांची मागून.

गेल्या थंडीत त्या गेल्या. शेवटचे काही दिवस त्यांनी दम्मामला भावाच्या घरी यायचा हट्ट धरला होता, आणि तिथेच, दुपारच्या झोपेत. हारिसने इमारतीत सगळ्यांना सांगितलं. बायकांसाठी तीन दिवस भावाच्या घरी बसणं होतं. मी शाळेतून रजा घेऊन गेले. गाडीत लेकीने माझ्याकडून सांत्वनाचं अरबी वाक्य घोकून घेतलं. 'देव तुम्हाला ह्या दुःखाचं फळ देवो,' असा काहीसा त्याचा अर्थ. मी ते शंभर वेळा म्हटलं असेल.

मोठी खोली होती, भिंतीला लागून गाद्या. काळ्या कपड्यांतल्या बायका, बऱ्याचशा माझ्या वयाच्या. त्यांच्या विद्यार्थिनी असणार. मी दाराजवळच्या बाईला माझं वाक्य म्हणून दाखवलं आणि कोपऱ्यात बसले. कुणीतरी गहव्याचा छोटा कप हातात दिला. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "तुम्ही शाळेतल्या का?"

"ला." नाही.

"मग?"

भाडेकरूला अरबीत काय म्हणतात, ते मला आठवेना. इतक्या वर्षांत तो शब्द कधी लागलाच नव्हता. जेवढं येत होतं तेवढ्यात मी म्हटलं, "अस्कुन फी बैतहा." मी त्यांच्या घरात राहते.

त्या बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली आणि खोलीच्या वरच्या बाजूला बसलेल्या एका वृद्ध बाईच्या कानात काही बोलली. ती अबलांची धाकटी बहीण होती. तिने मला हाताने खूण करून बोलावलं, शेजारची उशी बाजूला सारली आणि आपल्या लगत जागा केली. मी नको नको म्हणत होते. तिने हात धरून मला बसवलं.

त्या ओळीत सगळी घरची माणसं होती, हे माझ्या थोड्या वेळाने लक्षात आलं. दारातून नवीन बायका येत, ओळीतल्या एकेकीचा हात हातात घेत आणि पुढे सरकत. त्या माझ्यापाशी आल्या. मी कोण, कुठली, कुणीही विचारलं नाही. पहिल्या बाईने माझा हात दोन्ही हातांत धरला, वाकली आणि मी गाडीत घोकलेलं तेच वाक्य मला म्हणाली.

त्यावर काय उत्तर द्यायचं असतं, ते मी शिकून आले नव्हते.